शिबिराला लिहिलेलं पत्र

३ मार्च, मंगळवार

तिन्ही माहितीपत्रकं टेबलावर मांडली, फूटपट्टी घेतली आणि तक्ता आखला. भिंगरी म्हणाली, बाबा, उन्हाळी शिबिर निवडायचंय, लेथ मशीन नाही. पण निवडायचंच आहे तर नीट निवडू की! पंधरा वर्षांची पोर पहिल्यांदाच घराबाहेर राहणार — चार आठवडे. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं निवासी शिबिर. कुठेही कशी ढकलू?

आठ रकाने केले. मुलं किती, शिकवणारे किती, एका सूक्ष्मदर्शकामागे डोकी किती, वगैरे. शेवटचा रकाना — काही बिघडलं तर दुरुस्त कोण करतं, शिक्षक की मूल? हिला, म्हणजे भिंगरीच्या आईला, तो कळला नाही. म्हणाली, जेवणाचा रकाना कुठाय? तो नववा घातला.

५ मार्च, गुरुवार

पहिलं शिबिर बाद. फोन करून विचारलं, एका सूक्ष्मदर्शकामागे मुलं किती? फोनवरची मुलगी म्हणाली, सर, आमच्याकडे रोबोट आहेत. पुन्हा विचारलं. म्हणाली, हे कोणी विचारत नाही. मी म्हटलं, मी विचारतोय. कुणाला तरी विचारून आली — पाच! म्हणजे एकजण भिंगातून बघणार आणि चौघं त्याचं डोकं बघणार.

८ मार्च, रविवार

दुसरं शिबिर ज्या कॉलेजात, तिथले तराजू मी अकरा वर्षं दुरुस्त करतोय. हातच्या काकणाला आरसा कशाला? त्यांच्या भिंगांना बुरशी. 'कोरड्या जागी ठेवा' अशी चिठ्ठी तीनदा बांधून दिली. गेल्या खेपेला पाहिलं तर चिठ्ठीलाही बुरशी. बाद.

शेजारच्या गाळ्यातला चष्मेवाला म्हणाला, तुमच्या पोरीला प्रवेश परीक्षा सोपी जाईल, शिबिरांना तुमची परीक्षा अवघड आहे. हसलो. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

१४ मार्च, शनिवार

तिसरं. जुन्या वेधशाळेच्या आवारात. तीस मुलं, तीस टेबलं. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःचा तराजू बनवायचा, पुढचे तीन आठवडे सगळी मोजमापं त्याच तराजूवर. उत्तर चुकलं तर चूक तराजूत आहे की आपल्यात, ते मुलानेच शोधायचं. हे वाक्य मी तीनदा वाचलं. असं कुणी मला चौदाव्या वर्षी दिलं असतं तर!

भिंगरीने एवढंच म्हटलं, "मला हेच हवंय." तिने आजवर सायकलसुद्धा अशा आवाजात मागितली नव्हती.

पण पान सहा! तराजूची आकृती. दांडीच्या मधोमध पोलादी धार असते, ती खाली तोंड करून दगडावर टेकते. यांनी वर तोंड करून काढलीय. असा तराजू क्षणभर उभा राहणार नाही. छापणाऱ्याची चूक असेल, पण मुलं हेच बघून बनवणार ना? बसून दोन पानी पत्र लिहिलं, बरोबर आकृती मापात काढून दिली. पत्र शिबिराच्या प्रमुखांनाच. खाली नाव, आणि नावाखाली 'डिप्लोमा, सूक्ष्म उपकरणे' — दुकानाच्या पाटीवर आहे तसंच.

१७ मार्च, मंगळवार

मायलेकींनी मिळून अर्ज भरला. माझ्याकडे नुसतं पाकीट आलं, चिकटवायला.

२५ मार्च, बुधवार

प्रमुखांचं उत्तर! स्वतःच्या अक्षरात. 'आपल्यासारख्या पदविकाधारक तज्ज्ञाने इतकं बारकाईने वाचावं हा आमचा सन्मान आहे.' पुढच्या छपाईत आकृती सुधारणार. चष्मेवाल्याला दाखवलं. घरी जेवताना मोठ्याने वाचलं, दोनदा. भिंगरीचा घास हातातच राहिला. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाली. हिने ताटं जरा लवकरच उचलली.

शाळेच्या परीक्षेचा ताण असावा.

३० मार्च, सोमवार

त्याच शिबिराचं दुसरं पत्र. हे कार्यालयाचं, टाइप केलेलं. ज्यांच्या आईवडिलांपैकी कोणीही शाळेपुढे शिकलेलं नाही, अशा मुलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. आपल्या मुलीचा अर्ज त्या जागांसाठी आहे. मात्र आपल्या १४ मार्चच्या पत्रात आपण पदविकाधारक असल्याचे दिसते. तरी वीस एप्रिलपर्यंत लेखी खुलासा करावा, अन्यथा अर्ज रद्द.

दुकानात उभ्याने वाचलं. मग बसलो.

म्हणजे तिला माहीत आहे.

३१ मार्च, मंगळवार

हिला विचारलं. अर्जासाठी कागदपत्रं काढताना पत्र्याचा डबा उघडला होता. त्यात माझा शाळा सोडल्याचा दाखला. इयत्ता आठवी. भिंगरीने वाचला आणि होत्या त्याच घड्या घालून परत ठेवला. त्यांना काही विचारू नकोस, असं हिनेच तिला सांगितलं. दोघी जणी दोन आठवडे हे पोटात घेऊन माझ्यासमोर जेवत होत्या. आणि मी सन्मान वाचून दाखवत होतो!

आता या पानावर तरी लिहितो. डिप्लोमा नाही. कधीच नव्हता. आठवीत असताना वडील गेले आणि मी एका दुरुस्तीवाल्याच्या टेबलाशी बसलो. यंत्रांसोबत येणारी परदेशी पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचली, एकेक शब्द. दुकान काढलं तेव्हा पेंटरने विचारलं, नावाखाली काय टाकू, जागा उरलीय. सगळे काहीतरी टाकतात, म्हणाला. मी म्हटलं, डिप्लोमा टाक.

बावीस वर्षं झाली. माझ्या हातून गेलेला एकही तराजू त्याच तक्रारीसाठी परत आला नाही. हेही खरं आहे.

१ एप्रिल, बुधवार

भिंगरी शाळेतून थेट दुकानात आली. बहुधा आईने सांगितलं असणार. स्टुलावर बसून पाठ केल्यासारखं बोलली. खुल्या जागा पंधराच, तिथे सगळी मोठ्या शाळांची मुलं, खासगी शिकवण्या लावलेली. राखीव पंधरांत तिचं नाव लागू शकतं. "मी खोटं काही भरलं नाही, बाबा."

मी म्हटलं, "म्हणजे खोटं मी लिहिलं?"

ती समोरच्या पेटीतलं पितळी वजन उचलून फडक्याने पुसायला लागली. आणि माझ्या तोंडून काय निघावं? हात लावू नकोस, घामाने वजन बदलतं! तिने ते जागच्या जागी ठेवलं, पेटी बंद केली, दप्तर उचललं आणि गेली.

बोलायला दुसरं काही सुचलं नाही का रे मूर्खा?

४ एप्रिल, शनिवार

मसुदा पहिला. 'गैरसमज झाला असावा.' कुणाचा गैरसमज? फाडला.

७ एप्रिल, मंगळवार

मसुदा पाचवा. ही म्हणाली, चार ओळींचं तर पत्र आहे. चारच ओळी — पण त्या प्रमुख वाचणार, ज्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं ते. मी ज्यांचे तराजू दुरुस्त करतो, त्या कॉलेजच्या समितीवरही तेच आहेत. बातमी कॉलेजातून माझ्या गिऱ्हाईक दवाखान्यांत जाईल, दवाखान्यांतून बाजारात. उद्या कुणी पाटीकडे बोट दाखवलं तर? चष्मेवाला तर गाणंच रचेल. हे सगळं मी हिला सविस्तर समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं नाक वाचवायचं की तिचं शिबिर, तेवढं ठरवा. दोन्ही एका पाकिटात बसणार नाही."

ताटावरून उठलो. चूक केली, भूक होती.

९ एप्रिल, गुरुवार

भिंगरी आज फार मऊ वागतेय. स्वतः चहा करून आणला. म्हणाली, बाबा, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी ती सोळा पूर्ण — वयोमर्यादा पंधरा. तक्त्यात चौथा रकाना. तिलाही पाठ आहे तो. मी म्हटलं, मसुदा चालू आहे. "माहितेय," म्हणाली, आणि कप घेऊन गेली. तिने माझ्या मसुद्यांकडे साधं पाहिलंही नाही. इतकी समजूतदार कधी झाली ही?

११ एप्रिल, शनिवार

लिहिलं. नववा मसुदा.

'माझ्या १४ मार्चच्या पत्रात नावाखाली जी पदविका लिहिली आहे, ती माझ्याकडे नाही. मी आठवीपर्यंत शिकलो आहे. दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. खोटं मी लिहिलं, मुलीने अर्जात भरलेली माहिती खरी आहे. तराजूच्या आकृतीबद्दल मी लिहिलं ते मात्र बरोबर आहे.'

शेवटची ओळ काढा, असं ही म्हणाली. नाही काढली. तेवढं तरी माझं राहू दे.

रजिस्टर पोस्टाने स्वतः टाकून आलो. परतताना पाय हलके वगैरे काही झाले नाहीत. भिंगरीला सांगितलेलं नाही, हिलाही सांगू नको म्हटलंय. प्रवेशाचं पत्र आलं की तेच तिच्या हातात ठेवीन. तोंडाने सांगायला मला जमायचं नाही.

१५ एप्रिल, बुधवार

शिबिराच्या कार्यालयातून घरी फोन. एक बाई होत्या. म्हणाल्या, तुमच्या नावाची दोन पत्रं आलीत. एक आजचं — ते माझं. दुसरं परवाच पोचलंय. त्यात लिहिलंय की माझी पदविका खरी आहे, राखीव जागेचा रकाना मुलीकडून चुकून भरला गेला, आम्ही अर्ज मागे घेत आहोत. खाली माझी सही.

मी असं पत्र लिहिलेलं नाही.

बाईंनी विचारलं, यातली तुमची सही कुठली? एखादी तुमची नसेल तर आत्ताच सांगा, खोटी सही करणारं मूल आम्ही घेत नाही.

भिंगरी दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मी म्हटलं, "दोन्ही सह्या माझ्या. आज आलेलं पत्र खरं धरा."

बाई म्हणाल्या, म्हणजे तुम्ही आम्हाला दोनदा खोटं लिहिलंत.

हो म्हटलं. दोनदा.