कोकिळेच्या गीतास झील धरू देण्याबाबत

प्रति,
मा. गायन निरीक्षक साहेब,
विभागीय शाळा कचेरी, परळ, मुंबई.

विषय : इयत्ता चौथीची विद्यार्थिनी बकुळा कोंडीराम शेलार हिला कवायतीतून काढून पुन्हा गायनाच्या तासास बसू देण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीचे दोन मेमो. पहिला झील बंद करा असे सांगणारा, दुसरा ती बंद का झाली नाही असे विचारणारा.

महोदय,

चिंचवाडी मराठी शाळा, लालबाग येथील गायनशिक्षक जयवंत सोनू तोरसकर (यापुढे 'अर्जदार') दोन्ही मेमो डोक्यावर धरून खालील हकिगत आपल्यापुढे ठेवीत आहे.

१. बकुळाचे वडील कोंडीराम हे दिवसा गिरणीत साच्यावर आणि संध्याकाळी शाहिरामागे उभे असत. शाहिराने ओळ सोडली की मागची मंडळी ती उचलून 'जी जी रं जी' करीत टोकाला नेतात, तिला झील म्हणतात. साहेबांस हे ठाऊक असेलच. नसल्यास लालबागेत कोणासही विचारावे. गेल्या नोव्हेंबरात संयुक्त महाराष्ट्राच्या सभेनंतर पोलिसांनी कोंडीरामास चाळीच्या गॅलरीतून मुलीच्या देखत उचलून नेले. ते अद्याप तुरुंगात आहेत. तेव्हापासून मुलीने तोंड मिटले. घरी नाही, शाळेत नाही, अर्जदाराने खिशातले चणे पुढे केले तरी नाही.

२. अर्जदार त्या सुमारास अभ्यासक्रमातले कोकिळेचे गीत शिकवीत होता. आंबराई, मोहोर, मंद वारा वगैरे. वर्गाच्या खिडकीतून फक्त गिरणीची चिमणी दिसते, पण गीत मंजूर आहे, तेव्हा अर्जदाराची तक्रार नाही. एके दिवशी ओळ संपता संपता अर्जदारास जोराचा ठसका लागला, गाणे अडले, आणि त्या मोकळ्या जागेत मागच्या बाकावरून 'जी जी रं जी' असा आवाज आला. तो बकुळाचा होता. तिने ते मुद्दाम केले नाही. ओळ संपली की झील येते, एवढेच त्या घरात तिने जन्मापासून ऐकलेले. वर्ग हसला नाही. पुढच्या ओळीला सगळ्यांनी तिच्याबरोबर झील धरली. अर्जदारास रडू आले, ते त्याने ठसक्यावर ढकलले.

३. तेव्हापासून वर्गात एक रीत पडली. ज्याचे मन ठिकाणावर नाही त्याने ओळ म्हणू नये, मागे जाऊन नुसती झील धरावी. कारण सांगण्याची सक्ती नाही. 'गुरुजी, आज मी झिलीत' एवढे पुरते. धोंडूची आई आजारी होऊन गावी गेली, तेव्हा तो बरेच दिवस झिलीत होता. ललिता गणिताच्या तासानंतर नेहमीच असते. एका दिवशी खुद्द मुख्याध्यापक दारात येऊन, कचेरीतून आलेले कसलेसे पत्र हातात धरून, झिलीत उभे राहिले. परंतु त्यांचे नाव या अर्जात येऊ नये अशी त्यांची इच्छा असल्याने ते येथे दिलेले नाही.

४. जानेवारीतल्या गोळीबारानंतर शाळा उघडली, त्याच दिवशी आपण तपासणीस आलात. त्या सकाळी सबंध वर्ग म्हणाला, 'गुरुजी, आज आम्ही झिलीत.' ओळ म्हणायला कोणी उरलेच नाही. सबब कोकिळेच्या साऱ्या ओळी एकट्या अर्जदाराने म्हटल्या आणि वर्गाने अशी झील धरली की फळ्याच्या कडेवरचा खडू खाली आला. 'वर्गात शाहिरी चालते' असा शेरा आपण मारला. त्या वेळी आपला उजवा बूट तालात हलत होता, तो तपासणीचाच भाग असावा असे अर्जदार धरून चालतो.

५. झील पहिल्यांदा तिने धरली म्हणून पहिल्या मेमोने बकुळाला 'चिथावणीचे मूळ' ठरवून गायनाच्या तासाला कवायतीत पाठवले आणि झिलीऐवजी आक्षेपार्ह नसलेला ध्वनी काढण्यास फर्मावले. अर्जदाराने आज्ञा पाळली. 'आ आ' करून पाहिले, तर घसे तपासायला डॉक्टर आला असे समजून खालच्या इयत्तेतली मुले रडू लागली. 'हूं हूं' ने पुढच्या बाकाला झोप लागली. 'हो हो' म्हणताच रस्त्यावरचा शिपाई आत येऊन सभा कोणाची म्हणून विचारू लागला. अखेर झिलीची जागा मोकळी सोडायची आणि मुलांनी तेवढा वेळ गप्प राहायचे, असे ठरले. मुले गप्प राहिली. ती कधी नव्हे इतकी गप्प राहिली, आणि अर्जदारास ते पाहवले नाही.

६. तथापि शाळेच्या भिंतीला लागून मुणगेकर चाळ आहे. पहिली ओळ संपली, वर्ग थांबला, आणि नळावर पाणी भरणाऱ्या बायांनी ती झील उचलली. दुसऱ्या ओळीला वरच्या गॅलऱ्याही आल्या. अर्जदाराने भिंतीवरून डोकावून समज दिली असता बकुळाची आजी जाईबाई म्हणाल्या, 'गुरुजी, तुमी ओळ उघडी टाकतास, ती झाकूक कोण तरी व्हयो ना?' अर्जदार भिंतीवरून उतरला आणि वर्गात जाऊन पुढची ओळ म्हणू लागला.

७. दुसऱ्या मेमोत या 'बाहेरच्या इसमांची' आणि विशेषतः सर्वांत खणखणीत आवाजाची ओळख मागितली आहे. तो आवाज बकुळाचा आहे. कवायतीत आकडे मोठ्याने म्हणावे लागतात; ते तिच्या तोंडून येईनात म्हणून कवायतीच्या मास्तरांनी तिला त्या तासापुरते घरी पाठवले. घर भिंतीपलीकडे. ती गॅलरीत, बापाला नेले त्याच जागी, आजीशेजारी उभी राहते. गायनाच्या वर्गात ती नाही, सबब आपल्या आज्ञेचा भंग कोठेही झालेला नाही.

अर्जदाराची अडचण निराळीच आहे. गॅलरीत ओळ नीट ऐकू जात नाही. ती संपली की नाही याचा अंदाज घेत बकुळा थांबते, आणि तिची झील अर्धी मात्रा उशिरा येते. तेवढ्या वेळात वर्गातले प्रत्येक मूल खिडकीकडे पाहते, आज ती आहे ना म्हणून. ती अर्धी मात्रा अर्जदारास सोसवत नाही. तिला आत बसू द्यावे. झिलीबद्दल शिक्षा द्यायची झाल्यास ती अर्जदारास द्यावी. तो मोठ्या आवाजात आकडे म्हणू शकतो.

आपल्या आज्ञेत आणि वर्गाच्या तालात राहू इच्छिणारा,

(सही) जयवंत सोनू तोरसकर
लालबाग, मुंबई. ता. ९ मार्च १९५६

सोबत : वर्गातील मुलांच्या सह्यांचा कागद. ज्यांना नाव लिहावेसे वाटले नाही त्यांनी 'झिलीत' असे लिहिले आहे. बकुळा वर्गात नसल्याने तिची सही घेता आली नाही. तिची ओळ उघडी ठेवली आहे.