औषध जास्ती झालं

८ सप्टेंबर १९७१, बुधवार, संध्याकाळ

दुपारी कौसल्याबाईंना नवऱ्यानं बैलगाडीतून दवाखान्यात आणलं. तोंडातून लाळ, अंग घामानं भिजलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या.

"औषध जास्ती झालं, डॉक्टरसाहेब," एवढंच तो म्हणाला.

म्हणजे माझंच औषध! त्यांच्या पापण्या मिटतात, मान सावरत नाही, म्हणून स्नायूंना बळ देणाऱ्या गोळ्या मीच चालू केल्यात. त्या जास्त झाल्या की अगदी हेच होतं. उतारा म्हणून ॲट्रोपिन टोचलं, पुन्हा टोचलं. बाहुल्या जरा मोठ्या झाल्या तेव्हा विचारलं, किती गोळ्या दिल्या?

"गोळ्यांचं न्हाई वो. कपाशीवर मारायचं औषध. वारं फिरलं अन् समदं हिच्या अंगावर."

लिहायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं. चूक माझी नाही! तेवढ्यात तो म्हणाला, "रानातच पार गळून गेली. म्हनून मग तुमच्या दोन गोळ्या दिल्या."

फवाऱ्याचं विष आणि माझी गोळी शरीरात एकच काम करतात. हे मला ठाऊक होतं. त्याला कोण सांगणार होतं?

आत्ताच पुन्हा बॅटरी मारून पाहिलं. बाहुल्या परत बारीक होतायत का? मोहरीएवढ्या नाहीत. अजून तरी नाहीत. ॲट्रोपिन थोडंच उरलंय.

त्यांच्या उशाशी गोळ्यांची पुडी आहे. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: गळून गेल्यासारखं वाटलं तर आणखी दोन द्या.