लोणच्याचं पिंप

१० जानेवारी, शुक्रवार

पिंप आमच्याकडे येणार! पुढच्याच शुक्रवारी. जयदीपने आजच्या पंगतीत जेवता जेवता पाळीची यादी वाचली आणि आमचे नीलेशराव मान डोलावून मोकळे. घरात बारावीची मुलगी आहे, हे बापाला मी आठवण करून द्यायचं?

कुवेतच्या फिंतासमधल्या आम्हा आठ घरांची आणि दूर राहणाऱ्या मोरेश्वरकाकांची बिअर गेली बत्तीस वर्षं एकाच पिंपात होते. आखाती लढाई संपल्यावर काकांनीच दहा-अकरा जणांना गोळा करून हे सुरू केलं. मालक कुणी एक नाही, सगळेच मालक. माल्टचे डबे आणि साखर प्रत्येकाने आपापल्या जमियाच्या सहकारी दुकानातून थोडी थोडी आणायची, म्हणजे दुकानात कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. फोनवर त्याला लोणचं म्हणायचं. दर सहा आठवड्यांनी पिंप पुढच्या घरी, आणि पिंप ज्याच्या घरी त्याच्याकडे दर शुक्रवारी दुपारी सगळ्यांचं जेवण. नवीन आलेल्याला भाड्याचं घर, नोकरी, पोराची शाळा — सगळं त्या पंगतीत जमायचं. आमचंही तिथेच जमलं, नाही कशाला म्हणू.

पण तेव्हा तपासण्या अशा नव्हत्या. या देशात दारूला बंदी, आता सापडलं तर अख्खं कुटुंब थेट भारताच्या विमानात. आणि अन्विताचे बोर्डाचे पेपर फेब्रुवारीत सुरू!

१२ जानेवारी

नीलेशशी कडाक्याचं भांडण. "अगं पूर्वी, नियम आहे." नियमाला बोर्डाला बसायचं नाहीये.

१७ जानेवारी, शुक्रवार

जमवलं!

सगळे जेवायला बसल्यावर मी हळूच विषय काढला. म्हटलं, काका एप्रिलमध्ये कायमचे अलिबागला निघाले. ज्यांनी हे सगळं सुरू केलं त्यांच्याच घरी शेवटचं पिंप मुरायला नको का? मान त्यांचा आहे. 'मान' हा शब्द मी घरूनच ठरवून नेला होता. शुभदावहिनींनी लगेच उचलून धरलं — आमच्यानंतर नंबर त्यांचाच ना! जयदीपने टाळ्या वाजवल्या. काकू जाऊन चार वर्षं झाली, मूलबाळ नाही, या माणसाचं जाऊन जाऊन काय जाणार, हे सगळ्यांच्याच मनात होतं.

काकांचे डोळे भरून आले. म्हणाले, "म्हणजे सहा शुक्रवार तुम्ही सगळे माझ्याकडे."

मी भात वाढायला उठले.

२४ जानेवारी, शुक्रवार

कुणीही गेलं नाही. ठरवलं नव्हतं, तरी आठच्या आठ घरांत आज कुणाला ना कुणाला काहीतरी झालं. शुभदावहिनींची सर्दी, जयदीपचं ऑफिस. काकांनी वीस माणसांचं मटण केलं होतं. दीड वाजता फोन. भाकऱ्या गार होतायत म्हणाले. मी अन्विताला ताप आलाय म्हणून सांगितलं. आवाज जरासुद्धा हलला नाही माझा. त्यांनी ताप किती आहे विचारलं, तेव्हा एकशे एक म्हटलं.

३१ जानेवारी

आज काका स्वतः डबा घेऊन आले! या वयात, बस बदलून. मी वरूनच हारिसला फोन केला — घरात कुणी नाही म्हणून सांग. आमचा हा इमारतीचा राखणदार बेरकी, त्याने ते छान सांगितलं असणार. पडद्याआडून पाहिलं. धुळीचं वारं सुटलं होतं, काका रिकामी पिशवी छातीशी धरून बसस्टॉपकडे गेले. डबा हारिसकडे ठेवून गेलेत. त्यालाच दिला.

वाईट वाटलं. दहा मिनिटं वाटलं असेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लोणचं मुरलं. आज मात्र आठही घरं बरी झाली! पुरुष एकेकटे गेले, पाच मिनिटांत बाटल्या घेऊन परत. नीलेश सांगत होता, काकांनी ताटं मांडून ठेवली होती, पण कुणी बूटसुद्धा काढले नाहीत. "तू तरी बसायचंस," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

चव उत्तम. काकांचा हात तो. मी दोन ग्लास प्यायले.

१२ फेब्रुवारी

काकांना धरलं.

त्यांच्या मजल्यावर वास गेला, शेजाऱ्याने तक्रार केली. नवीन खेप लावली होती, पोलिसांनी पिंपच उचलून नेलं. जयदीपचा मेसेज: ग्रुप उडवतोय, सगळ्यांनी उडवा. मी लगेच उडवला. घरातल्या रिकाम्या बाटल्या फोडून चार पिशव्यांत भरल्या आणि चार वेगवेगळ्या ठिकाणी टाकून आले.

आमच्याकडे असतं तर! आज आमच्याकडे असतं तर! देवापुढे दिवा लावला.

१६ फेब्रुवारी

अजून कुणाच्याही दारी पोलीस नाहीत. काकांनी एकही नाव सांगितलं नाही. तसा नियमच आहे — सापडेल त्याने तोंड उघडायचं नाही, आणि बाकीच्यांनी त्याचा वकील, कपडे, औषधं बघायची. नियमाचा पहिला अर्धा भाग त्यांनी पाळला. दुसऱ्यावर आमची फोनाफोनी चालू आहे.

संध्याकाळी त्यांच्या पुतण्याचा अलिबागहून फोन. काकांची साखर वाढलीय, गोळ्या घरीच राहिल्या, कुणीतरी नेऊन द्या, हात जोडतो म्हणाला. नीलेश किल्ल्या घेऊन उठला. मी दारात उभी राहिले. "आज तू गेलास की उद्या आपण तिघं गेलो. पाच दिवसांवर फिजिक्स आहे."

तो बसला. बसणारच होता, त्याला फक्त कुणीतरी अडवायला हवं होतं.

अन्विता टेबलापाशी होती, सगळं ऐकलं. "सो नोबडी इज गोइंग?" मी म्हटलं, पुस्तकात बघ.

२१ फेब्रुवारी

फिजिक्स सोपा गेला! बटाटेवडे केले. ती एकच खाऊन उठली.

२७ फेब्रुवारी

केमिस्ट्रीही झाला. काकांना पुढच्या आठवड्यात विमानात बसवणार अशी बातमी. म्हणजे एप्रिलमध्ये जायचे ते मार्चमध्ये जाणार, एवढाच काय तो फरक. असं मी शुभदावहिनींना म्हटलं, तर त्या रडायलाच लागल्या. काकांसाठी नाही — बिअरच्या जुन्या विरजणासाठी! बत्तीस वर्षं एका खेपेतून दुसऱ्या खेपेत जिवंत ठेवलेलं, तेही त्या लोकांनी नेलं म्हणे. आता तशी चव पुन्हा होणे नाही.

मीही डोळे पुसले. नक्की कशासाठी, ते मला इथेसुद्धा लिहायचं नाही.

३ मार्च, सोमवार

अन्विता सकाळी लायब्ररीत जाते म्हणून गेली. काकांकडे गेली होती. एकटी, टॅक्सीने, डिपोर्टेशनच्या जेलवर. गोळ्या स्वतःच विकत घेतल्या, बरोबर नीलेशचा स्वेटर. खिडकीतल्या पोलिसाने कोण लागतात विचारलं, तर म्हणाली, आजोबा. मग आडनाव वेगळं कसं, घर कुठे, घरी कोण कोण, त्यांच्याकडे किती वेळा जेवायला जायचात — सगळं विचारलं. सगळ्याची खरी उत्तरं देऊन आली. काकांना भेटू दिलं नाही, गोळ्या तेवढ्या त्यांनी ठेवून घेतल्या.

तिचा सिव्हिल आयडी ठेवून घेतलाय. उद्या सकाळी दहाला आईवडिलांना घेऊन ये म्हणालेत.

गणिताचा पेपर शनिवारी आहे.