तुझ्या वाक्याला दिलेला इको

प्रिय गजा,

जय भीम, आणि तुझ्या घरच्यांना राम राम. फोन करणार होतो. पण तू फोन उचलतोस तोच हसत हसत, मग मलाही हसावं लागतं आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहायला बसलो. आपल्या किरनापूरच्या शाळेत सगळं हिंदीतच झालं, मराठी मी घरी आणि विहारातल्या पुस्तकांतून शिकलो. कुठे चुकलं तर सांभाळून घे.

इकडे थंडी आता सरत आली आहे. माझं माइक-मंडपाचं काम चालू आहे. लग्नं कमी, भाषणं जास्त. तुझी वहिनी सरिता बरी आहे. तुझी आठवण काढते. कशी काढते ते पुढे येईलच.

डिसेंबरातला तो कार्यक्रम तुला आठवत असेल. कोचिंगवाल्यांनी मोठा हॉल घेतला होता, पोरापोरींनी खचाखच भरला होता. बर्फात पायाची बोटं गमावूनही पुन्हा डोंगर चढलेली ती बाई, दुधाच्या धंद्यात दोनदा बुडून उभा राहिलेला तो माणूस, गावकऱ्यांना घेऊन तलाव खोदणारी ती निवृत्त तहसीलदार बाई, आणि शेवटी तू, सुभेदार साहेब. स्टेजवर चढता चढता मला मिक्सरपाशी बसलेला पाहून तू थांबलास आणि म्हणालास, "काहून बे सुख्या, तू अजून भोंगेच वाजवून राह्यला का?" सगळे हसले, मीही हसलो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. शेजारच्या पोराला मी म्हटलं, हा माझ्या बाकावरचा.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. मिक्सरवर इकोचं एक बटन असतं. आयोजक आधीच सांगून ठेवतो, "बडी बात आए तो इको मार देना, भैया." मग वक्ता आवाज चढवू लागला, की आम्ही ओळखतो आता वाक्य येणार, आणि बटन फिरवतो. शब्द हॉलभर घुमतात, टाळ्या पडतात. इतकी वर्षं हे करतो आहे, त्यात वावगं कधी वाटलं नाही. त्या दिवशी सगळ्यांना थोडा थोडा दिला. तू म्हणालास, "दर्द मेहमान है. चाय पिलाओ और बिदा करो." तेव्हा मी बटन पार शेवटपर्यंत फिरवलं. आपला माणूस म्हणून. बिदा करो, बिदा करो असं ते भिंतींवरून परत येत राहिलं आणि पोरं उभी राहिली. माझी पौर्णिमा पुढच्याच रांगेत होती. तीही उभी राहिली.

पौर्णिमाला सिकलसेल आहे हे तू ऐकून आहेस. ती लहान असताना तू सुट्टीवर आला होतास आणि विचारलं होतंस, पोरीचे डोळे पिवळे काहून दिसतात? तेव्हा मी नीट सांगितलं नव्हतं. या रोगात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि नसांमध्ये अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही, आणि मग असं दुखतं की माणूस कुशीवरसुद्धा वळू शकत नाही. अर्धा दोष माझ्या रक्तात, अर्धा सरिताच्या. आम्हा दोघांना काहीच त्रास नाही, दोन्ही अर्धे तिच्यात भेटले. आमच्या वस्तीत आता सोयरीक जुळवताना पत्रिकेच्या आधी सिकलचं कार्ड मागतात. आमच्या वेळी कार्ड नव्हतं.

बावीस वर्षांत आम्ही घराची एक रीत बसवली होती. तिच्या अंगात कळ निघाली की ती फक्त "बाबा, आलं" एवढंच म्हणायची. मग कोणी काही विचारायचं नाही. सरिता पाणी गरम करायला ठेवायची, मी गोधडी आणि गोळ्या आणायचो. तांब्यावर तांबे पाणी पाजायचं, गरम कपड्याने शेकायचं, नाहीच थांबलं तर दवाखाना. थंडी, उपास, तहान, धावपळ या चार गोष्टी तिला वर्ज्य. बारावी झाली, कॉलेज झालं, असंच सांभाळून.

तुमच्या कार्यक्रमानंतर ती "आलं" म्हणायची बंद झाली. आम्हाला वाटलं, यंदा हिवाळा चांगला जातो आहे. सरिताने विहारात खीरदानसुद्धा केलं. पोरगी सकाळी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणायची, आणि जायची पोलीस भरतीवाल्या पोरींबरोबर मैदानावर, धावायला. एकदा मीच तिची उशी उन्हात टाकायला उचलली. उशीच्या एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा होत्या, कापड चावून चावून विरलं होतं. मी विचारलं तर हसून म्हणाली, "मेहमान आया था बाबा, चाय पिलाके भेज दिया." अगदी तुझ्या आवाजात. मग मैदानाचं आणि भरतीचंही सांगून टाकलं. मी समजावलं, की अगं, भरतीत मेडिकल असतं. तर म्हणाली, "मेडिकल की मेडिकल में देखेंगे. उस पहाड़वाली मॅडम के पैर की तो उंगलियाँ ही नहीं थीं." मी फार ओरडलो नाही. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मागायची हिंमत दिसत होती. त्यावर पाणी ओतायला माझा हात धजला नाही. सरिताला मात्र मी तेव्हा सांगितलं नाही, आणि ते ती अजून बोलून दाखवते.

जानेवारीत धुकं होतं त्या सकाळी ती मैदानावर पडली. पोरींनी उचलून ऑटोत घातली. इथून गोंदिया, गोंदियाहून नागपूर. छातीत पेशी अडकल्या होत्या, श्वास घेता येत नव्हता. नाकाला नळी, हाताला नळी, आणि तिला रक्त चढताना मी बाहेर बाकावर बसून त्रिशरण म्हणत होतो. म्हणता म्हणता मध्येच शब्द विसरायचो. लहानपणापासूनचे शब्द, गजा. मग पहिल्यापासून सुरू करायचो.

ती वाचली. घरी आणली आहे. पण डाव्या खुब्याच्या हाडाला रक्त पोचलं नाही आणि ते आतून मेलं आहे. डॉक्टर बाई भल्या आहेत, गोल गोल बोलत नाहीत. म्हणाल्या, हे हाड पुन्हा जिवंत होत नाही, आणि फुप्फुसाने यावेळी सोडलं, पुढच्या वेळी सोडेल असं मी म्हणणार नाही. धावणं तर कायमचं बंद. मी विचारलं, आणि नाही थांबली तर? त्यांनी तिच्या नाकातल्या नळीकडे बोट दाखवलं.

आता सरिता तुझी आठवण कशी काढते ते सांगतो. भाकरी थापता थापता म्हणते, "तुमच्या दोस्ताले म्हना, लय चहा पाजला आमच्या पोरीले." मी तिला म्हणतो, त्याला काय ठाऊक होतं? त्याने त्याच्या जखमेविषयी सांगितलं, पायात गोळी लागली आणि जखम भरली त्याविषयी. तुझं दुखणं पाहुणंच होतं, गेलं. आमच्या घरी ते घरधनी आहे. आमच्या भंतेजींचा धम्म पहिल्या वाक्यातच सांगतो, दुःख आहे. तिथे कोणी टाळ्या वाजवत नाही आणि मी लावलेल्या माइकवर तिथे इकोही नसतो. इतकी वर्षं ते वाक्य ऐकलं, पण घरी पोरीला त्या शब्दांत कधी सांगितलं नाही. वाटायचं, एवढ्या कोवळ्या जिवाला काय सांगायचं.

दुखण्यापेक्षाही मला तिच्या बोलण्याची भीती वाटते. परवा छताकडे पाहत म्हणाली, "मीच कच्ची निघाली बाबा. बाकी सगळे उठले ना, मीच नाही उठू शकली." तिला वाटतं, रोग तिच्या जिद्दीत आहे. आणि काल मी दुपारी कामावरून लवकर आलो, तर ती गल्लीत भिंत धरून चालत होती. ओठ आत ओढलेले, कपाळावर घाम. मला पाहून म्हणाली, भरतीची तारीख पुढे गेली आहे, तोवर पाय होतो तयार. मोबाइलवर तुझं भाषण लावलेलं होतं. माझ्याच स्पीकरच्या बॉक्समधून गेलेला आवाज, बिदा करो, बिदा करो. मी हात जोडले, सरिता रडली, डॉक्टर बाईंचं बोलणं पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, काका अशांचं ऐकत बसले असते तर सुभेदार झाले असते का?

तेव्हा हे पत्र. आपल्या शाळेतून लांजीला स्पर्धांना गेलो होतो ते आठव. मोठ्या शर्यतीत तू सगळ्यांच्या पुढे होतास आणि अर्ध्यात मैदानातच बसलास. काटा नव्हता, पाय मुरगळला नव्हता, दम संपला होता. मास्तर ओरडत होते आणि तू म्हणालास, "मले नाही होत जी." मी तुला सायकलवर मागे बसवून आणलं. वाटेभर तू माझी पाठ धरून रडलास, आणि घरी तुझ्या आईने काही न विचारता ताटात भात वाढला. ती गोष्ट तू स्टेजवर सांगत नाहीस. सांगू नकोस, कोणी बोलावणार नाही. पण एकदा इथे ये आणि माझ्या पोरीला ती सांग, तिच्या खाटेजवळ बसून, साध्या आवाजात. सांग की मी बसलो होतो आणि माझ्या आईने मला जेवू घातलं. सांग की बस, पौर्णिमा. आमचं ती ऐकत नाही, आम्ही तर आईबाप. तुझंही ऐकेल याची मला फारशी आशा राहिलेली नाही. तरी ये. माइक लावणार नाही.

तुझाच, बाकावरचा,
सुखराम