बदकाला कुलूप नाही

४ जून २००६, मांजर्ली

दिल्या, हे वाचताना चष्मा शोधत असशील. कपाळावर आहे. दप्तर विसरून शाळेत जायचास, लग्नात मांडवात येताना हार घरी विसरलास, आता मस्कतला बसून पासवर्ड विसरलास. आणि लोक म्हणतात, म्हाताऱ्यांच्या ध्यानात राहत नाही.

मी सांगते, सुजाता लिहिते. मी अंगठेबहाद्दर, सून मधे काय घुसवते ते मला कळायचं नाही.

(काही घुसवत नाही. – सु.)

झालंय असं. मार्चात जाताना तू कंप्युटरवर खाती करून गेलास. तुझ्या खात्यावर बुद्धिबळाचं चित्र, तन्वीच्या खात्यावर फुलपाखरू. आणि आईची थट्टा म्हणून माझंही एक, त्यावर पिवळं बदक. तन्वीची परीक्षा झाली, मग पोरगी सुट्टीभर मामाकडे खरवईला. आज आली आणि चप्पल काढायच्या आधी तुमची ती खेळातली प्राणीबाग लावायला बसली. रविवारी दोघं बसून मांडायचात ती. फुलपाखरातून उघडेना. पाटी येते, सु.नं वाचली, की परवानगी नाही, मालकाला विचारा. मालक मस्कतला एसी दुरुस्त करतोय.

रडली नाही. एवढंच म्हणाली, "आजी, पप्पा गेल्यापासून प्राण्यांना कोणी खायला घातलं असेल?"

शेळीचं विचारलं असतं तर सांगितलं असतं. यातलं मला काय कळतंय.

९ जून

शुक्रवार, दि.चा फोन (दि. म्हणजे तूच, रोजनिशीसारखं लिहितेय. – सु.). तो आठवून आठवून सांगतो, सु. मोठ्यानं म्हणते, तन्वी दाबते. माझं नाव. स्कूटरचा नंबर. पोरीचा वाढदिवस. बायकोचा वाढदिवस (तोही चुकीचा सांगितला. – सु.). एकही लागला नाही.

"आये, ठेवताना वाटलं होतं, हा काही विसरणार नाही."

मग म्हणाला, खेळ बंद करायचा नव्हता, पोरीनं भलतंसलतं काही टाकू नये म्हणून तिचं खातं तेवढं आखूड केलं. कापड आखूड केलं की बाही पण जाते, एवढं शिलाई मशीनवाल्या बाईच्या पोराला कळू नये. कार्ड संपलं, फोन कट. सुट्टीवर कधी येणार ते विचारायचं राहूनच गेलं.

११ जून

उल्हासनगरचा नरेशभाई आला. कंप्युटर त्याच्याच दुकानातला. टेबलाखाली विटा रचलेल्या बघून म्हणाला, माताजी, इतना ऊपर? म्हटलं, नदीला विचारून ये. गेल्या साली पाणी शिरलं तेव्हा दिल्यानं टीव्ही, गाद्या सगळं सोडून हाच डोक्यावर घेऊन वरचा मजला गाठला होता. आई मागून आपली आपण चढली.

बघितलं त्यानं. खेळ स्वतःचं काहीबाही सी ड्राइव्हमध्ये लिहून ठेवतो, आणि बेबीच्या खात्याला तिथं लिहायची परवानगी नाही, असं म्हणाला. मी म्हटलं, मलाही नव्हती. त्याला कळलं नाही. सु.नं मान वर करून बघितलं माझ्याकडे.

बत्तख किसका, विचारलं. माझं, म्हटल्यावर पोट धरून हसला. आम्हीही हसलो. बदक सोडून पुढे गेला.

"फॉरमॅट मार देता हूं. एकदम नवा करून देतो."

"आणि आतली जनावरं?"

"कौनसी जनावरं?"

तन्वी टेबलाची कड घट्ट धरून उभी. चहा पाजून परत पाठवला. तेवढ्यात लाइटही गेली.

१८ जून

रविवार. पोरगी नुसतीच ती तीन चित्रं बघत बसलेली. म्हटलं, माझ्या बदकात काय आहे दाखव तरी. म्हणे, पप्पांनी सांगितलंय, आजीच्या बदकाला हात लावायचा नाही. म्हटलं, आजीच सांगतेय.

दाबलं, तर उघडलं. कुलूपच नाही. असणार कसं? मला अक्षर येत नाही, मी ते काढलं असतं कशानं? म्हणून तू उघडं ठेवलंस आणि आखूड करायचंही विसरलास. सु.नं नरेशभाईला फोन लावला. तो म्हणाला, माताजी, मालिक तो आप हो. त्यानं तिकडून सांगितलं, तन्वीनं इकडे बदकातून फुलपाखराला सगळी परवानगी दिली.

मग बाग उघडली. थांबवलेलीच होती. जिराफ पाण्यावर वाकलेला, मागे त्याचं पिल्लू. कोणी उपाशी नाही, कोणी मेलं नाही. तन्वी बघत राहिली, बराच वेळ. चालू करायचं बटण दाबलं नाही. बंद केलं आणि जेवायला आली.

२३ जून

दि.चा फोन. सुट्टीचं साहेब म्हणतो वर विचारावं लागेल. वर विचारलं की ते म्हणतात साहेबाला विचारा. पासपोर्ट त्यांच्याकडे. आवाज बसल्यासारखा वाटला. एसीत राहून बसला म्हणे. तन्वी फोनवर आली नाही, अभ्यास आहे म्हणाली. पाटीदप्तर बंदच होतं.

२५ जून

विचारलं शेवटी. परवानगी मिळाली ना, मग खेळत का नाहीस?

"चालू केलं की पिल्लू मोठं होतं, आजी. लगेच. पप्पांनी बघितलेलं नाही ना अजून."

कालच सु.नं तिच्या शाळेच्या स्कर्टची दुमड उसवून खाली सोडली, चांगली दोन बोटं. तेही तू बघितलेलं नाहीस. हे पोरीला बोलले नाही, तुला सांगते. सु. लिहिता लिहिता थांबलीय. लिही गं.

घरातले सगळे हक्क माझ्या बदकाकडे. त्यात तुझ्या साहेबाला दाबायचं काही बटण आहे का, ते नरेशभाईला विचारलं नाही. उगाच हसला असता.

तुझ्या खोलीवरचा कोणी पोरगा पुढच्या महिन्यात अंबरनाथला यायचाय म्हणालास. सुट्टी नाहीच मिळाली तर त्याच्याबरोबर खजूर पाठव. बिनबियांचे, मला दात नाहीत. मिळाली तर खजूरबिजूर काही नको, हात हलवत ये.