सहाशे तीन घोडे आणि दोन फळ्या

रवि. ३१ ऑगस्ट
गाडीची बॅटरी परत उतरली. हे गेल्यापासून तिसऱ्यांदा. दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं ठरवलं आहे, मागच्या आठवड्यात विसरले. शेवटी गल्लीत पाणी घेऊन आलेल्या ट्रॅक्टरला वायर जोडून चालू केली. ट्रॅक्टर पस्तीस घोड्यांचा. ह्यांची जर्मन गाडी सहाशे तीन घोड्यांची. ट्रॅक्टरवाला नुसता हसला.
दुपारी प्रसादचा फोन. "आई, तुझ्याच्यानं नाही होणार. बेंगळुरूचं गिऱ्हाईक मिळालंय. दसऱ्यानंतरच्या रविवारी येऊन बघतील, आवडली तर घेऊनच जातील." बरं म्हटलं. परदेशातून मुलगा एवढं करतो, नाही कसं म्हणायचं.
फोन ठेवल्यावर गाडीवरचं कापड नीट केलं. उगाच.

गुरु. ४ सप्टें.
सकाळी गेटवर दोनदा हॉर्न. भास्करभावोजी, माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमाचे यजमान. नवी गाडी, हे असतानाच बुक केलेली.
ह्या दोघा साडूंची पद्धत ठरलेली. नवी गाडी आधी दुसऱ्याच्या गेटवर न्यायची. दोनदा हॉर्न. इंजिन बंद करायचं नाही. घरच्यानं बाहेर येऊन कन्नडमध्ये विचारायचं, "एष्टु?" म्हणजे किती. पाहुण्यानं आकडा सांगायचा. मग इंजिन बंद, मग कॉफी. अकरा वर्षं हेच. त्यांची पाचशे सात, आमची पाचशे साठ. त्यांची पाचशे एक्क्याण्णव, आमची सहाशे तीन. कार कंपन्या दरवर्षी आकडा वाढवत गेल्या, हे दोघे मागोमाग. दोघांपैकी कुणी इथे म्हैसुरात चाळीसच्या वर चालवलेली मला आठवत नाही.
मी बाहेर गेले. भा. स्टिअरिंग धरून बसलेले. विचारायचं असतं हे माझ्या लक्षातच आलं नाही. इंजिन चालूच. शेवटी तेच म्हणाले, "सातशे सतरा, अक्का." आणि खिशातून रुमाल काढला.
कॉफी न घेता गेले.

मंगळ. ९ सप्टें.
सुमाचा फोन. भा. नव्या गाडीत जाऊन बसतात. शेडमध्येच. दार लावून. जेवायला हाक मारली की हॉर्न देतात.
"तुझी गाडी विकली जाणार म्हणून कळल्यापासून असं," म्हणाली. "कुणाहून जास्त म्हणून सांगायचं, असं विचारतात मला. मी काय सांगू गं अक्का?"
मूळ सगळं तिच्या लग्नातलं. सव्वीस वर्षं झाली. भां.चे वडील पंगतीत ह्यांच्याकडे बघून म्हणाले होते, "आम्ही शिलेदार. हे बारगीर." जुन्या म्हैसूर फौजेत शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. दोन्ही घराण्यांचे घोडे मरून दीडशे वर्षं होऊन गेली असतील. हे मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवून उठले होते. घरी येऊन एवढंच म्हणाले, "घोडे घेऊ."
मला वाटलं रागात बोलतायत.

रवि. १४ सप्टें.
गाडी चालू केली. दहा मिनिटं आत बसले. बसल्या बसल्या हिशेब. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. आमचा मिक्सर ७५०चा, म्हणजे एक घोडा. म्हणजे शेडमध्ये सहाशे तीन मिक्सर. चौतीस वर्षं हायस्कुलात फिजिक्स शिकवलं, हे उदाहरण कधी सुचलं नाही. मुलांना आवडलं असतं.
डिकी उघडून बघितली. दोन फळ्या तिथेच. फणसाच्या. ह्यांनी मेटगळ्ळीच्या आपल्या वर्कशॉपमध्ये करून घेतलेल्या, टोकं तासून उतरती केलेली. एकीवर "डावी", एकीवर "उजवी", त्यांच्याच अक्षरात. गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर, आणि इथले हंप, म्हणजे स्पीडब्रेकर, गुडघाभर. मोठा हंप आला की हे थांबायचे. मी उतरायचं, हंपला लागून फळ्या घालायच्या, गाडी वर चढली की त्याच काढून पलीकडे घालायच्या. मागचे लोक हॉर्न मारायचे. हे काच खाली करून म्हणायचे, "दोन बोटं डावीकडे." लग्नाच्या साडीतसुद्धा घातल्यात. कुणाच्या लग्नाला ते आठवत नाही.
चालवायला कधी दिली नाही. मागितलीही नाही म्हणा.
समोरच्या कप्प्यात त्यांची छोटी वही. शेवटच्या पानावर: "भा. ७१७. आपण ७२०. नागराज, कडकोळ. जूनमध्ये."
हे मे महिन्यात गेले.

गुरु. १८ सप्टें.
नागराजला फोन केला होता. तो स्वतः गाडी न्यायला आला. मीही गेले. कडकोळला त्याचं गॅरेज, दवाखान्यासारखं स्वच्छ. म्हणाला, "सर दोनदा येऊन गेले, मेडम. हवा ओढायचा मोठा पाइप मागवून ठेवलाय, आणि इंजिनाच्या कंप्यूटरमध्ये नवा प्रोग्रॅम घालायचा. कागदावर सातशे वीस होईल. तीनच जास्त पाहिजेत म्हणाले."
तीन घोडे म्हणजे २२३८ वॅट. आमचा गिझर, आणि वर थोडं.
काम करायच्या आधी आहे ती ताकद मोजावी लागते म्हणे. गाडी पट्ट्यांनी बांधली, चाकं रोलरवर. नागराजनं पाय दाबला. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. अकरा वर्षं शेजारी बसून. मी कानावर हात ठेवला, नंतर काढला.
मशिनातून चिठ्ठी आली. ४८१.
नागराजनं चिठ्ठी माझ्याकडे न बघता दिली. "इंजिनापासून चाकापर्यंत येताना जातात मेडम. गाडीचं वयही झालं. मोजली तर सगळ्यांची कमी येते. म्हणून कुणी मोजत नाही."
एकशे बावीस घोडे वाटेतच पळाले. नववीला दर वर्षी घर्षण शिकवलं, घरात कधी लक्षात आलं नाही.
"बसवू?" विचारलं त्यानं. मी म्हटलं, थांबा. पाइपचं खोकं घेऊन आले. ह्यांच्या टेबलावर ठेवलं आहे. चिठ्ठी पर्समध्ये.
परत येताना नागराजला म्हटलं, मी चालवते. तो दोनदा "खरंच का मेडम" म्हणाला आणि पट्टा घट्ट केला. ताशी तीस. हंपला फळ्या त्यानं घातल्या. काही कठीण नाही. आपल्या छोट्या गाडीसारखीच, फक्त पाय ठेवायचा नाही, नुसता आठवायचा.

सोम. २२ सप्टें.
नवरात्र लागलं. यंदा इथल्या रिवाजाच्या दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्या नाहीत, घट नाही. वर्ष होईपर्यंत घरात सण नाही.
संध्याकाळी भा. आणि सुमा. भा. खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "अक्का, आयुधपूजेचं काय?"
"यंदा नाही ना भावोजी."
"सण नको. पण फौजेतलं घर आपलं. तलवार आणि वाहन बिनपूजेचं ठेवायचं नसतं. आमच्या दारात आणा. पूजा मी करतो."
सुमा म्हणाली, "विकायची गाडी, तिला कसली पूजा." भां.नी तिच्याकडे असं बघितलं की ती स्वयंपाकघरात गेली.
"चालवत मी आणतो," ते म्हणाले.
"नको. ह्यांच्या सीटवर तुम्ही बसायचं नाही." माझ्या तोंडून जरा जोरातच गेलं. "मीच आणते."
भा. म्हणाले, "बरोबर आहे. मीही बसू दिलं नसतं." आणि मग एकदम काळजीनं, "पण अक्का, मग फळ्या कोण घालणार?"
सुमा कॉफी घेऊन आली.

बुध. १ ऑक्टो.
आयुधपूजा. सकाळी सातला भा. रिक्षानं आमच्या दारात. धोतर, रेशमी शर्ट, कपाळाला गंध. डिकी उघडून स्वतःच फळ्या काढल्या. "डावी कुठली?" म्हटलं, लिहिलंय. वाचून थोडा वेळ अक्षराकडेच बघत राहिले.
आमच्या घरची तलवार टॉवेलात गुंडाळून मागच्या सीटवर.
आमच्या नजरबादपासून त्यांच्या घरापर्यंत मोठे हंप पाच. दसऱ्याची गर्दी, निम्मे रस्ते बंद, म्हणून वळसा घेतला तर सात. भा. शेजारी बसायचे, हंप आला की उतरायचे. एका हातानं धोतर, दुसऱ्या हातात फळी. मागे बस, बसमागे शाळेची व्हॅन. बसमधून कुणी कन्नडमध्ये ओरडला, "स्वामी, गाडीला जिना लावताय?" भां.नी उत्तर दिलं, "सहाशे तीन घोडे आहेत, जरा मान ठेव." तो म्हणाला, "मग उडवून न्या की."
तिसऱ्या हंपला घासल्याचा आवाज आला. मी काच खाली केली. "दोन बोटं डावीकडे, भावोजी."
भा. वाकलेलेच होते. तसेच राहिले, वर बघितलं नाही. फळी दोन बोटं डावीकडे सरकवली.
त्यांच्या गेटवर पोचले. हात आपोआप हॉर्नवर गेला. दोनदा. इंजिन बंद केलं नाही.
भा. उतरून फळ्या काखेत धरून गेटच्या आत गेले, वळले, आणि समोर उभे राहिले. घामानं गंध ओघळलेलं. धोतराला ग्रीस.
"एष्टु?"
त्यांना माहीत होतं. सहाशे तीन. मीही तेच सांगणार होते. पर्समध्ये ४८१. टेबलावर खोक्यात ७२०. खोटं कुठलं, मला ठरवता येईना.
म्हटलं, "अजून ठरलं नाही."
इंजिन बंद केलं.
भा. एकदम सरळ झाले. काखेतल्या फळ्या खाली पडल्या. "ठरलं नाही म्हणजे?"
"कॉफी घेऊ."
पूजा झाली. झेंडूची माळ, कोहळा फोडला, चार चाकांखाली चार लिंबं. भा. पुढे उभे राहून, "हळू अक्का, हळू, सहाशे तीन आहेत." चारही लिंबं फुटली. चारशे एक्क्याऐंशी पुरले.
भां.नी जेवताना तीनदा नागराजचं नाव काढलं; घोडे वाढवायचे तर त्याच्याकडेच, हे त्यांनाही माहीत. मी ताक वाढून घेतलं.

गुरु. २ ऑक्टो.
विजयादशमी. जंबूसवारीच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद, घरीच. टीव्हीवर हत्ती बघितले. सावकाश चालतात. हंपची अडचण नाही.
सुमाचा फोन. "काय सांगितलंस गं त्यांना? रात्री नीट जेवले नाहीत. सकाळी उठून त्यांच्या सातशे सतराचं बॉनेट उघडून बघतायत. बॉनेट कसं उघडतं ते अकरा वर्षांत आज पहिल्यांदा शोधलं. आणि हसतायत."
प्रसादचा मेसेज: गिऱ्हाईक रविवारी दहाला येणार, आई, कागद काढून ठेव. कागद काढले. खोक्याशेजारी ठेवले. टेबलावर आता जागा नाही.
दुपारी भां.चा मेसेज. "अक्का, अंदाजे एष्टु?"
दोघांनाही अजून उत्तर दिलेलं नाही.
फळ्यांना चिखल लागला होता. पुसल्या, उन्हात ठेवल्या, संध्याकाळी परत डिकीत. "उजवी"चा रंग उडत चाललाय. खडूनं अक्षरं गिरवून काढली.