जोएलला घरी आणायला

शनिवार, ७ जुलै २०१८. पहाटे ५.४०

शेडमध्ये पिकअपच्या चाकांवर साखळ्या चढवून बघतोय. चौथ्यांदा. कोरड्या फरशीवर जमतात. ऐन हिवाळ्यातल्या बर्फावर जमतील का, देव जाणे! डिझेल आपल्याच टाकीतून काठोकाठ भरलं. हवा तपासली, स्टेपनीतलीसुद्धा.

बाबा काठी टेकत दारात आले. "गाडी धुवून पुसून लग्नाला निघालायस का? निघ आता." मग – "घाई करू नकोस. त्याला समजवायला वेळ लागेल."

सप्टेंबरात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर हार्वेस्टरची शिडी चढायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे नोव्हेंबरात गव्हाच्या कापणीला एक मुलगा लागणार. आणि त्यानंतर दर वर्षी. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली ती या शेतासाठीच, पण सगळं एकट्यानं? विचार आला की छातीत धडधडतं. जोएल थोरला आहे, पण डोंगरावर स्की शिकवत बसलाय. जोएल आलाच पाहिजे.

त्याच दिवशी, रात्री

पोचलो! साखळ्या बसल्या!! पहिल्या फटक्यात!

रस्ता वळतो, वळतो, निलगिरीची झाडं बुटकी आणि वाकडी होत जातात, आणि एकदम सगळं पांढरं. मी गाडी कडेला घेऊन उतरलो आणि बर्फ खाल्ला. कोणी बघत नव्हतं. (एक बाई बघत होती.)

माउंट हॅलोरन म्हणजे काय गाव आहे! फरची कॉलर लावलेली कुत्री फिरतात. हॉटेलच्या दारासमोरची फरशी खालून गरम केलेली, म्हणजे बर्फच साचत नाही. उघड्यावर गरम पाण्याचे हौद, त्यात माणसं मानेपर्यंत बुडून शॅम्पेन पितात आणि डोक्यावर बर्फ पडत असतो. आमच्या मॅलीच्या गहूपट्ट्यात पन्नास किलोमीटर जमीन सपाट. इथे मान वर केल्याशिवाय आभाळ दिसत नाही.

जोएलने मिठी मारून मला उचललंच. "अरे बारक्या! दाढी आली की तुला!" मग माझ्या हँडब्रेककडे हात नेऊन – "हा ओढायचा नाही इथे, गोठून बसतो. गिअरमध्ये ठेव." वायपर काचेवरून उभे केले. चार वर्षांत त्याला हे सगळं असं येतं, जसं मला पेरणी येते.

त्याच्या खोलीत सहा जण. मी दोन पलंगांच्या मधे. मोज्यांचा वास! तरी झोप येत नाहीये ती आनंदानेच.

विचारलं नाही अजून.

रविवार, ८ जुलै

विचारलं.

कॅफेच्या गच्चीवर बसलो होतो. एक कप गरम चॉकलेट चौदा डॉलर! जोएलचे विद्यार्थी – मेलबर्नच्या महागड्या शाळांतली पोरं – जाता येता त्याला हाका मारत होती. मी पाठ केलेलं सगळं म्हटलं. ऑपरेशन, शिडी, कापणी.

तो हसला. "दर हिवाळ्यात येतं कोणीतरी. तीन वर्षांपूर्वी आई. मग मामा. गेल्या वर्षी तर पाद्रीबुवा, बुटांत बर्फ भरून! यंदा तू."

"यंदा खरंच गरज आहे."

"दर वर्षी खरंच असते."

"मग मी एकट्यानं करू?"

"तू 'हो' म्हणतोस म्हणून ते तुला विचारतात. एकदा नाही म्हणून बघ."

तेवढ्यात एका काळ्या पक्ष्याने येऊन माझं सँडविच उचलून नेलं. जोएल पोट धरून हसला. मला इतका राग आला की मी उठून गेलो. उद्या सकाळी निघतो. बाबांना काय सांगू?

सोमवार, ९ जुलै

गाडी सुरू होत नाही!

बॅटरी ठीक. सगळं ठीक. जोएलच्या खोलीतला एक जण आला, त्याने विचारलं, "डिझेल कुठलं भरलंस?" मी म्हटलं, शेतावरचं. तो वळला आणि खोलीच्या खिडकीकडे बघून ओरडला, "शेतावरचं!" आतून सगळे हसले.

सपाटीवरचं डिझेल इथल्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं. पायथ्याच्या पंपावर डोंगरी डिझेल मिळतं, वर येणारा प्रत्येक जण तेच भरतो. तशी पाटी होती. मी ती वाचली होती! मला वाटलं, शहरी लोकांकडून जादा पैसे काढायची युक्ती आहे. बाबा असते तर त्यांनाही तेच वाटलं असतं.

तळघरातल्या गरम गॅरेजमध्ये गाडी ठेवली की वितळेल, पण तिथे माझ्यासारख्यांची रांग आहे. नंबर गुरुवारी. बाबांना फोन केला. वाटलं चिडतील. म्हणाले, "बरं झालं. राहा." बहुतेक गोळ्यांची गुंगी असेल.

मंगळवार, १० जुलै

लिफ्टवर, म्हणजे स्कीवाल्यांना खुर्च्यांतून डोंगरावर नेणाऱ्या तारेवर, काम करणाऱ्या अर्ध्या लोकांना उलट्या आणि जुलाब. त्यांची मुख्य मरीटा – आवाज असा की बर्फ सुटून खाली यावा – खोलीत येऊन म्हणाली, "दोन पाय आणि एक फावडं चालवता येणारं कोण आहे?" जोएलने माझ्याकडे बोट दाखवलं.

दिवसभर लिफ्टच्या तोंडाशी उभा होतो. खुर्ची येते, फिरते, मागून गुडघ्याला लागायच्या आत माणूस बसला पाहिजे. लहान पोर असेल तर खुर्ची हाताने धरून हळू करायची. माणसं गेली की उताराचा बर्फ फावड्याने सारखा करायचा. एक खुर्ची गेली की दुसरी! विचार करायला वेळच नाही. संध्याकाळी लक्षात आलं, आज छातीत एकदाही धडधडलं नाही.

मरीटा जाताना म्हणाली, "मॅलीवाल्या, उद्या पण ये. हातमोजे मात्र माणसांचे घालून ये, मेंढ्या हाकायचे नको."

बुधवार, ११ जुलै

स्की केलं!!! बावीस वेळा पडलो. तेविसाव्यांदा नाही! खालच्या झाडांपर्यंत सरळ, न पडता, आणि जोएल मागून ओरडतोय, "गुडघे! अरे गुडघे!" थांबायचं कसं ते विचारायचं राहिलं होतं, म्हणून झाडाला मिठी मारली.

गुरुवार, १२ जुलै

गाडी सुरू झाली. आणि मला वाईट वाटलं!

मरीटा म्हणाली, सप्टेंबरअखेरपर्यंत लिफ्टवर आणि मग उन्हाळाभर तिच्या दुरुस्तीला राहतोस का, पगार, जेवण, पलंग. मी पळत जोएलकडे गेलो आणि एका दमात म्हटलं, "मला राहायचंय." म्हटल्यावर मीच घाबरलो.

तो बूट सोडत होता. सोडतच राहिला. शेवटी म्हणाला, "परवा तुला लिफ्टवर बघितलं. दात काढून हसत होतास. तुला दात आहेत हेच विसरलो होतो मी."

"मग घरी कोण?"

त्याने दोन्ही बूट भिंतीशी नीट लावले. मग – "कापणीला मी जातो. एक कापणी. यंदा तिकडच्या हिवाळ्यात शिकवायला कॅनडाला जात नाही."

"शपथ?"

"शपथ कसली मागतोस, बावळटा. फोन कर त्यांना. आज नको, उद्या. आज मला जरा पस्तावू दे."

इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. जोएल घरी जाणार! मी ज्यासाठी आलो ते झालं, आणि मीही राहणार. दोन्ही! असं होऊ शकतं?

शुक्रवार, १३ जुलै

फोन केला. जोएल शेजारीच बसला होता. मी बातमी सांगायच्या आत बाबाच बोलले. शेत शेजारच्या नेव्हिल शुल्झला खंडाने दिलं. पाच वर्षांसाठी. मंगळवारीच सही झाली.

मी म्हटलं, "मी येईपर्यंत थांबायचं तरी."

म्हणाले, "तू समोर असतास तर 'मी बघतो' म्हणाला असतास. आणि मी तुला बघू दिलं असतं. म्हणून तर पाठवलं."

जोएलला सांगितलं. मला वाटलं उडी मारेल. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"म्हणजे," तो म्हणाला, "आता पुढच्या वर्षी मला न्यायला कोणी येणार नाही."